जे दुसऱ्यासाठी आहे

शिरपूर, धुळे, अमळनेर या पट्ट्यात स्मिता पाटील यांचा विषय निघाला की लोक 'आपली स्मिता' म्हणतात. शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटलांची ती मुलगी. जन्म पुण्याचा, वाढ पुण्यामुंबईची. पण माणूस त्याच्या मूळ गावाच्या खात्यावर धरायची आमची रीत आहे. म्हणून 'अर्थ'बद्दल बोलणं सुरू झालं की एक वाक्य ठरलेलं असतं: स्मितावर अन्याय झाला. १९८४ सालच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीच्या गटात महेश भट्ट यांच्या या एकाच चित्रपटातल्या दोघींची नावं होती. स्मिता पाटील यांचं, कविता या भूमिकेसाठी. आणि रोहिणी हट्टंगडी यांचं, घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. पुरस्कार रोहिणीताईंना मिळाला.

मी अमळनेरात तत्त्वज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. 'अन्याय झाला' हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि ते मला कधीच सोडून देता आलं नाही, कारण अन्याय हा शब्द उच्चारला की न्याय कोणत्या मापानं करायचा हे सांगावं लागतं. दोन दुय्यम भूमिकांची तुलना करायची कशी? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, जो आमच्या शेजारच्या कीर्तनकार बुवांनी मला विचारला: "ताई, देवाघरी पहिला-दुसरा नंबर असतो का? ज्यानं त्यानं आपलं काम केलं. त्यात वर-खाली कशाला बघता?"

बुवांचा प्रश्न हलका नाही. त्याच्यामागे गीतेचा तिसरा अध्याय आहे, अठरावा आहे, आणि वारकऱ्यांची सात शतकांची समज आहे की कुंभाराचं मडकं आणि माळ्याचा मळा पांडुरंगाला सारखाच. हे मी मनापासून मानते. पण यातून तुलना चुकीची ठरते, हे मला पटत नाही. कुंभार आणि माळी यांच्यात उच्चनीच नाही, म्हणून एका कुंभाराचं गळकं मडकं आणि दुसऱ्याचं न गळणारं मडकं सारखं होत नाही. कामांची प्रतिष्ठा समान आहे. केलेलं काम समान नाही. या दोन गोष्टींची गल्लत केली की भक्तीच्या नावाखाली आळस शिरतो, आणि मग 'सगळेच थोर' असं म्हणून आपण कुणाकडेच नीट बघत नाही. वेदान्तात साधकाला जी चार साधनं सांगितली आहेत त्यांतलं पहिलंच विवेक आहे. वेगळं ते वेगळं ओळखणं. वैराग्याचा नंबर त्याच्यानंतर लागतो. ज्याला दोन भूमिकांतला फरक सांगता येत नाही त्यानं फळाची आसक्ती सोडली असं म्हणण्यात अर्थ नाही, त्यानं फळ पाहिलेलंच नाही.

तेव्हा क्रम लावावा. लावताना जबाबदारीनं लावावा.

पण लावणार कोण? भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात याचा विचार केला आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी आश्चर्य वाटतं. नाटकाच्या स्पर्धेत पताका कुणाला द्यायची हे ठरवणारे परीक्षक त्यांनी सांगितले, त्यांना ते प्राश्निक म्हणतात. ते दहा आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. रंगमंचावर यज्ञ दाखवला तर तो बरोबर झाला की नाही हे यज्ञ जाणणाऱ्यानं सांगायचं. धनुष्य ओढायची ढब धनुर्धरानं तपासायची. दरबारातलं वागणं राजाच्या सेवकानं. गणिका राजाच्याच यादीत बसते, आणि तिच्या विषयात तिचा शब्द राजापेक्षा वजनदार. साहित्याचे जाणकार एकीकडे आणि बाकीचे अडाणी दुसरीकडे, अशी विभागणी भरताला मान्य नव्हती. जे जगणं दाखवलं जातंय ते ज्यानं जगलंय, तो त्यातला जाणकार.

आमच्या गल्लीतल्या बायका शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे जमतात. कधी पोथी, कधी पुस्तक, कधी टीव्हीवर एखादा जुना चित्रपट. 'अर्थ' लावला तेव्हा माझ्याकडे भांडी घासणाऱ्या मावशीही बसल्या होत्या. खाली सतरंजीवर नको, खुर्चीवर बसा, असं दोनदा सांगावं लागलं. चित्रपटातली बाई दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याचा मार खाते, आणि पोरीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून पैसे साठवते. मावशी एकदम म्हणाल्या, "ती बाई पोरनी शाळासाठे पैसा ठेवस ना, तठेच माले समजनं. आते तो नवरा तो पैसा लई जाई." पुढं तसंच होतं. नवरा पैसे उडवतो, आणि बाई त्याचा जीव घेते.

गोष्ट ओळखणं काही विशेष नाही, हिंदी चित्रपट बघणारा कुणीही ओळखेल. विशेष हे की मावशींनी ते बाईच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पैसे ठेवताना ती आशेनं हसत नाही, ती घाबरलेली असते, असं त्या नंतर मला समजावून सांगत होत्या. पैसा हातात आला की आधी भीती येते. पुण्यात वाढलेल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या एका नटीनं ही भीती कुठून आणली, मला माहीत नाही. पण भरताच्या यादीत अकरावा प्राश्निक घालायचा तर मी मावशींना घालीन, आणि त्यांनी पताका दिली. कविताबद्दलही त्यांचं मत होतं. आमच्यातल्या दोघीतिघी 'दुसऱ्याचा संसार मोडणारी' म्हणून कवितावर चिडल्या होत्या, एकीनं तिला वेडी म्हटलं. मावशी म्हणाल्या, "ती येडी नही, तिले भ्याव वाटस." म्हणजे भीतीची पारख त्यांनी दोन्हीकडे केली. इतकं नेमकं परीक्षण मी छापील समीक्षेत क्वचित वाचलं आहे.

आता मापाकडे येते. मुख्य आणि दुय्यम यांचा सगळ्यात खोल विचार आपल्याकडे नाट्याच्या शास्त्रात झालाच, पण त्याहून बारकाईनं तो मीमांसेत झाला, जिथं प्रश्न यज्ञाचा होता. एका यागात शेकडो क्रिया असतात. त्यातली मुख्य कोणती, तिची अंगं कोणती, हे ठरवल्याशिवाय यज्ञ उभाच राहत नाही. जैमिनींनी अंगाची ओळख अशी सांगितली: जे दुसऱ्यासाठी आहे ते अंग. लहान आहे म्हणून अंग नव्हे, थोडा वेळ चालतं म्हणूनही नव्हे. दुसऱ्यासाठी असणं, एवढीच कसोटी. सहायक भूमिकेची याहून चांगली व्याख्या मला कुठं सापडली नाही. पडद्यावर किती मिनिटं, नामावलीत कितवं नाव, ही मापं बाजूला पडतात.

पुढं मीमांसक अंगांचे दोन वर्ग करतात. काही अंगं मुख्य क्रियेच्या सामग्रीला जाऊन भिडतात: आहुतीसाठी लागणारी साळ कांडायची, ते कांडणं थेट त्या धान्यावर होतं आणि तेच धान्य पुढं पुरोडाश होऊन आहुतीत जातं. याला सन्निपत्योपकारक म्हणतात. दुसरी अंगं दुरून मदत करतात. दर्शपूर्णमास नावाच्या यागात मुख्य आहुतीच्या आधी प्रयाज नावाच्या आहुती होतात. त्या मुख्य आहुतीच्या द्रव्याला शिवतही नाहीत, स्वतःचं काम करून बाजूला होतात, आणि तरी त्यांच्यावाचून याग पुरा होत नाही. हे आरादुपकारक. आणि दोहोंत बलवान कोण, असं विचारलं तर मीमांसेचं उत्तर स्पष्ट आहे: थेट भिडणारं.

हे माप घेऊन 'अर्थ' पाहावा. मुख्य गोष्ट पूजाची. शबाना आझमींची पूजा, जिचा नवरा इंदर तिला सोडून कविताकडे जातो, आणि जी हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहते. कविता पूजाच्या आयुष्याला थेट भिडते. तिच्यामुळं घर जातं, तिच्यामुळं पूजा कोसळते, आणि शेवटी कवितानंच इंदरला सोडल्यावर तो परत पूजाच्या दारात येतो, म्हणजे पूजाला 'नाही' म्हणायची संधीही तिच्यामुळंच येते. बाईची कहाणी बाजूनं चालते. ती पूजाच्या घरी काम करते, रडते, बोलते. पण तिच्या नवऱ्याचा, तिच्या पैशांचा पूजाच्या संसाराशी काही संबंध नाही. मीमांसेचा नियम सरळ लावला तर पताका कविताची. खानदेशाचा दावा जिंकला.

पण मीमांसेत नियम लावायच्या आधी प्रकरण बघावं लागतं, कोणती क्रिया कोणाच्या संदर्भात आली आहे ते. आणि इथंच माझं मत आमच्या भागातल्या लोकांपासून वेगळं होतं. कविता खरोखर अंग आहे का? तिची भीती, तिचं मन थाऱ्यावर नसणं, पूजाबद्दलची धास्ती, आणि शेवटी तिचं ते कठोर शहाणपण, हे सगळं स्वतःच्या बळावर उभं आहे. स्मिता पाटील पडद्यावर आल्या की गोष्टीचा मध्यबिंदूच सरकतो. १९७७ सालच्या 'भूमिका'साठी आणि पुढं 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली नटी होती ती. दुय्यम जागेत बसवली तरी ती दुय्यम राहू शकत नव्हती. 'अर्थ' बघताना काही प्रसंगांत मी पूजाला विसरते. अभिनय म्हणून हे फार मोठं आहे. अंग म्हणून ते उणं आहे. जे दुसऱ्यासाठी आहे त्यानं दुसऱ्याला विसरायला लावू नये.

आणि बाई? ती दुरून मदत करणारं अंग म्हणून सुरू होते, आणि शेवटाला मुख्य गोष्टीच्या गाभ्यात जाऊन भिडते. खून करून ती तुरुंगात जाते, मागं पोर उरते. पूजा त्या पोरीला आपलं म्हणते. परत आलेल्या नवऱ्याला नाही, लग्नाची मागणी घालणाऱ्या मित्रालाही नाही, आणि या पोरीला हो. पूजाच्या आयुष्याला जो अर्थ सापडतो तो बाईच्या हातून आलेला आहे. प्रयाजातली आहुती अचानक पुरोडाश होऊन समोर यावी, असं मीमांसकांच्या यज्ञात होत नसेल, पण कलाकृतीत होऊ शकतं, आणि रोहिणी हट्टंगडी यांनी ते इतक्या संथपणे होऊ दिलं की शेवटपर्यंत आपल्याला ही बाई केवळ पूजाच्या दुःखाला समांतर ठेवलेली दुसरी रेघ वाटते. म्हणून अभिनयाच्या अवघडपणाचा क्रम लावा म्हणालात तर मी कविताला पहिली ठेवीन. सहायक भूमिकेचा क्रम लावा म्हणालात तर बाई पहिली. पुरस्कार दुसऱ्या प्रश्नाचा होता. अन्याय झाला नाही.

हे मत मी शिरपूरच्या माहेरवाशिणींपुढं मांडलं आहे आणि त्यातल्या काही अजून माझ्यावर नाराज आहेत. पण गावाच्या प्रेमापोटी माप वाकवलं तर तो त्या प्रेमाचाही अपमान आहे. स्मिता पाटील यांना आमच्या वाकवलेल्या मापाची गरज नाही.

अमळनेरचं म्हणून आणखी एक माप मला वापरायचं आहे. इथं प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापडगिरणीच्या मालकानं अद्वैताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, ही गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही. मलकानींसारखे वेदान्ती तिथं अनेक वर्षं राहिले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथं होते. भट्टाचार्यांचा रसावर एक निबंध आहे. त्यात ते भावनेचे थर दाखवतात. मूल खेळण्यात रमलं आहे, हा पहिला थर. आजोबा त्या मुलाकडे मायेनं बघताहेत, हा दुसरा. आणि मी त्या बघणाऱ्या आजोबांकडे बघते आहे, त्यात मला जो आनंद होतो तो तिसरा, आणि रस तिथं आहे. रस म्हणजे सहानुभूतीबद्दलची सहानुभूती, असं त्यांचं म्हणणं.

हा निबंध वाचल्यापासून मला वाटतं की सहायक भूमिकेचं खरं स्थान त्या आजोबांचं आहे. नायिका दुःखात आहे. तिच्याकडे कुणीतरी पडद्यावरच बघत असतं, आणि आपण त्या बघण्याकडे बघतो. तिथून आपल्याला कळतं की या दुःखाला काय म्हणायचं. चांगला सहायक नट चांगला बघणारा असतो. पूजा उद्ध्वस्त झालेली असताना बाई तिच्याकडे बघते तेव्हा त्या नजरेत नवल नसतं. 'असंच असतं बाई' असं ती नजर म्हणते, आणि पूजाचं खास, शिकलेल्या वर्गाचं दुःख एका क्षणात सगळ्या बायकांचं होऊन जातं. कविताला असं बघताच येत नाही, कारण भूमिकाच तशी लिहिली आहे: भ्यालेला माणूस दुसऱ्याकडे बघू शकत नाही, तो फक्त आपल्याकडे कोण बघतंय ते बघतो.

पुरस्कार देणाऱ्या संस्थांना दुय्यम भूमिकेचं काय करायचं हे फार काळ कळलेलं नव्हतं. ऑस्करनं १९३७ सालच्या समारंभापासून हा गट सुरू केला, पण सुरुवातीची काही वर्षं विजेत्यांना पुतळी न देता फलक दिला जाई. फिल्मफेअरनं १९५५ साली सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार 'बादबान'साठी उषाकिरण यांना दिला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हे दोन गट १९८४ सालच्या चित्रपटांपासून आले, आणि सहायक अभिनेत्रीचा पहिला मान पुन्हा रोहिणी हट्टंगडी यांनाच मिळाला, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या 'पार्टी'साठी. आणि त्याआधी १९८३ साली इंग्लंडच्या बाफ्टानं 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला तो विभागून, 'रेड्स'मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर. मला तो विभागलेला पुरस्कार आवडतो. दोन्ही भूमिका समान असतीलच असं नाही. पण परीक्षकांनी दोघींकडे बघितलं आणि मग थांबले, त्या थांबण्यात प्रामाणिकपणा आहे.

चित्रपट इथं थोडा वेळ बाजूला ठेवते, कारण दुय्यम भूमिकेची माझ्या मनातली सर्वांत मोठी घटना पडद्यावरची नाही. ती धुळ्याची आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, त्यांनी कैद्यांपुढं गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. ते लिहिणारे होते म्हणून आज 'गीता प्रवचने' आहेत. विनोबा बोलले ते हवेत गेलं असतं.

गुरुजी कुणी लेखनिक नव्हते. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेले, प्रताप हायस्कुलात शिकवलेले, स्वतःची भाषा असलेले लेखक होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. 'श्यामची आई' ज्यांनी वाचली त्यांना गुरुजींचा आवाज लांबूनही ओळखू येतो: भरून आलेला, वारंवार डोळ्यांत पाणी आणणारा. 'गीता प्रवचने' वाचताना तो आवाज मी कितीदा शोधला आहे. नाही सापडत. तिथं विनोबा आहेत, कोरडे, गणिती, मधूनच खट्याळ दाखले देणारे. इतका मोठा आवाज असलेल्या माणसानं स्वतःचा आवाज इतका बाजूला ठेवावा, आणि तेही घाईघाईनं ऐकून लिहिताना, हे मला कोणत्याही अभिनयापेक्षा अवघड वाटतं. आणि गीतेतच तर हे आहे. कृष्ण बोलतो, अर्जुन ऐकतो, पण आपल्यापर्यंत पोचवतो संजय. शेवटचा श्लोक संजयाच्या तोंडी आहे. धृतराष्ट्राला त्यानं जे सांगितलं त्यात स्वतःचं फारसं काही घातलं नाही. अधूनमधून तो हर्षानं थरारतो, तेवढंच. भट्टाचार्यांच्या आजोबांसारखा तो बघतो, आणि आपण त्याच्या बघण्यातून विश्वरूप बघतो.

अंग आणि अंगी, म्हणजे ज्याच्यासाठी अंग असतं ते मुख्य, कायमचे ठरलेले नसतात, हेही खानदेशानं मला शिकवलं. सोपानदेव चौधरी हे नावाजलेले कवी. आसोद्याच्या माहेरच्या आणि जळगावच्या सासरच्या त्यांच्या आईनं शेतात, जात्यावर म्हटलेली गाणी त्यांनी उतरून घेतली. १९५१ साली आई गेली, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' आली, आणि आज सोपानदेवांची ओळख बहिणाबाईंचा मुलगा अशी आहे. त्यांच्या नावावरची कविता मागं पडली, आणि दुसऱ्यासाठी केलेलं काम राहिलं. मुक्ताईचं उलट. आळंदीत ती ज्ञानदेवांची धाकटी बहीण, चौथं नाव. तापीच्या काठी आमच्या कोथळीला, मेहुणला ती मुख्य, आणि ज्ञानदेव तिचे भाऊ. चौदाशे वर्षांचा म्हणवणारा चांगदेव तिच्यापुढं शिष्य होऊन बसला, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आहे तेही तिच्या शेजारात. एदलाबाद गाव आज तिच्या नावानं मुक्ताईनगर आहे. आषाढीला तिची पालखी निघते तेव्हा पंढरीपर्यंतच्या वाटेवर तिला कुणी दुय्यम म्हणत नाही. प्रकरण बदललं की अंगी बदलतो.

बुवांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, म्हणजे शेवटी सगळे सारखेच ना. नाही. अंगी बदलतो याचा अर्थ अंग चांगलं झालं की वाईट झालं हे विचारता येत नाही असा होत नाही. गुरुजींनी वाईट लिहून घेतलं असतं तर विनोबांची प्रवचनं विद्रूप झाली असती.

पण जिथं मला खरंच थांबावं लागतं ती जागा कस्तुरबांची आहे. कविता आणि बाई कल्पनेतल्या आहेत. त्यांना कथाकारानं पूजासाठी निर्माण केलं. कस्तुरबा जिवंत माणूस होत्या. त्यांच्या आयुष्याला 'सहायक' म्हणायचा अधिकार कुणाला? चित्रपटाचं नाव 'गांधी', त्यामुळं तिथं त्या अंगच असणार, हे समजू शकतं. पण आपण घराघरांत बायकांची आयुष्यं नेमकी अशीच लावत आलो आहोत, कुणाची तरी म्हणून, आणि त्याला धर्माचं नाव देत आलो आहोत. जे दुसऱ्यासाठी आहे ते अंग, ही व्याख्या यज्ञातल्या क्रियेला लावणं ठीक. माणसाला लावली की ती फास होते.

जैमिनींनी हा धोका पाहिला होता असं मला वाटतं. अंगाची व्याख्या दिल्यावर ते तिथंच थांबत नाहीत. ते म्हणतात, कर्म फळासाठी आहे म्हणून कर्म अंग. फळ माणसासाठी आहे म्हणून फळही अंग. आणि माणूस कर्मासाठी आहे म्हणून माणूसही अंग. हे वर्तुळ झालं. त्यात शेवटचा मालक कुणी नाही, आणि कायमचा नोकर कुणी नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवत असताना दर वर्षी कुणीतरी विचारायचं, मग मुख्य कोण? मला तेव्हा जे उत्तर द्यायचं होतं ते 'गांधी'मधल्या रोहिणी हट्टंगडी यांच्या एका प्रसंगात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात गांधी कस्तुरबांना संडास साफ करायला सांगतात, त्या नकार देतात, आणि ते चिडून त्यांना दाराबाहेर ढकलू लागतात. त्या त्यांना भानावर आणतात. त्या क्षणी गांधी झालेल्या बेन किंग्जलींच्या चेहऱ्यावर जी लाज उमटते ती त्या भूमिकेतली मला सगळ्यात खरी गोष्ट वाटते, आणि ती समोरच्या बाईच्या स्थिर उभं राहण्यातून येते. तेवढ्या वेळापुरता महात्मा त्यांच्यासाठी आहे. वर्तुळ फिरलं. मग काही मिनिटांत त्या स्वतःहून ते काम करायला तयार होतात आणि ते पुन्हा फिरतं, पण या वेळी कुणी ढकललेलं नसतं.

१९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. चित्रपटात तो प्रसंग आहे, आणि तो हळवा आहे, पण तिथं त्या पुन्हा केवळ गांधींच्या दुःखाचं कारण होऊन उरतात. दोष पटकथेचा आहे. नटीनं जे मिळालं त्यात प्राण ओतला. पण पुरस्काराला पडद्यावर आहे ते मोजावं लागतं.

तेव्हा माझा क्रम असा. बाई पहिली. कविता दुसरी, आणि पहिलीच्या फार जवळ. कस्तुरबा तिसऱ्या, त्या एका प्रसंगासाठी. 'पार्टी'तली मोहिनी चौथी: एकेकाळची नटी, आता मोठ्या नाटककाराच्या घरात दारूत बुडालेली. ती चौथी का, हे मला अजून पुरतं सांगता येत नाही. त्या चित्रपटात सगळे ज्याच्याबद्दल बोलतात तो अमृत जवळपास शेवटपर्यंत दिसतच नाही; अंगी गैरहजर असताना अंगाचं माप कसं घ्यायचं, हा प्रश्न मीमांसेला नवा नसावा, पण मला तो अजून सोडवायचा आहे. येत्या शनिवारी 'पार्टी' लावायचं ठरलं आहे. मावशी येतो म्हणाल्यात. मोठ्या माणसाच्या घरात एकट्या पडलेल्या बाईबद्दल बोलायला आमच्यात जाणकार कोण, हे विचारायची वेळ येणार नाही असं वाटतं. जमणाऱ्यांपैकी एक निवृत्त डॉक्टरीणबाई 'तो चित्रपट मी बघितलाय, मला बोलायचंय' एवढंच म्हणून गेल्या आहेत.